गहाणाचा कागद कोणाच्या हाती?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या चिटणिसांनी मला 'घर आणि कर्ज' असा विषय दिला आहे. मी बँकेच्या कर्जखात्यात केस पांढरे केलेला माणूस असल्यामुळे कर्ज कसे मिळवावे याची चार गोष्टींची माहिती मी देईन, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु कर्ज घ्या म्हणून आर्जव करणारे तरुण आज आपणा सर्वांना दिवसातून दोन वेळा दूरध्वनी करीत असताना त्या कामी माझी आवश्यकता उरलेली नाही. मला बोलावयाचे आहे ते कर्ज मिळाल्यानंतर आणि हप्ता थकल्यानंतर काय होते याविषयी; आणि त्याकरिता मी आपणांस थोडा वेळ अमेरिकेत नेणार आहे. इ. स. २००६ ते २०१२ या काळात त्या देशात लक्षावधी कुटुंबांची राहती घरे लिलावात गेली. एकट्या २०१० सालात सुमारे २९ लक्ष घरांवर जप्तीची कोणती ना कोणती नोटीस लागली आणि दहा लक्षांहून अधिक घरे धनकोंनी प्रत्यक्ष ताब्यात घेतली. आपल्या ज्ञातीतील पुष्कळांची मुले-मुली तिकडे स्थायिक आहेत, त्यांनी तेथे घरे घेतलेली आहेत, आणि त्या संकटाची झळ आपल्यापैकी काही घरांपर्यंत येऊन पोहोचली होती. ती कशी, हे मी पुढे सांगेन.

प्रथम ती कर्जे कशी दिली गेली ते पाहू. आमच्या वेळी कर्जदार समोर आला की आम्ही त्याचा पगार विचारीत असू, मालक कोण हे विचारीत असू, आणि घरी वडीलधारे कोण आहेत हेही विचारीत असू. अमेरिकेत २००३ नंतर अशी अवस्था आली की ऋणकोने स्वतःची प्राप्ती जितकी सांगितली तितकी कागदावर लिहून घ्यावयाची, तिचा पुरावा मागावयाचा नाही. पूर्वीची परतफेड डळमळीत असलेल्यांना जे कर्ज दिले जाई त्यास 'सबप्राइम' म्हणत. त्याचा एक अत्यंत प्रचलित प्रकार असा होता की पहिली दोन वर्षे व्याजाचा दर बांधलेला आणि पुढील अठ्ठावीस वर्षे तो बाजाराप्रमाणे चढता-उतरता. ३,००,००० डॉलरांचे कर्ज ७ टक्क्यांनी घेतले तर मासिक हप्ता सुमारे २,००० डॉलर होतो. दोन वर्षांनी तोच दर १० टक्क्यांवर गेला की हप्ता २,६०० च्या घरात जातो. ज्या कुटुंबाने २,००० डॉलरच ओढाताण करून जमविले, त्याने वरचे ६०० कोठून आणावेत? दलालाचे उत्तर तयार असे. दोन वर्षांनी घराची किंमत वाढलेली असेल, तेव्हा नवे कर्ज काढून जुने फेडावे. घराची किंमत वाढतच राहणार या एका गृहीतावर सारी इमारत उभी होती. २००६ च्या मध्यास किमती थांबल्या आणि मग उतरू लागल्या.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ज्यांची घरे गेली ते सारेच भोळे व फसलेले होते असे मी म्हणणार नाही. विकून नफा मिळवावा म्हणून तीन-तीन घरे घेणारेही त्यांत होते, आणि स्वतःची प्राप्ती दुप्पट लिहिणारेही होते. परंतु कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकन कुटुंबांना, त्यांची पत चांगली असतानाही, जाणूनबुजून महाग कर्जांकडे वळविण्यात आले, असा आरोप अमेरिकन सरकारच्या न्यायखात्याने बड्या संस्थांवर ठेवला. त्याच्या तडजोडीपोटी कंट्रीवाइडच्या प्रकरणात २०११ साली साडेतेहतीस कोटी डॉलर आणि वेल्स फार्गोच्या प्रकरणात २०१२ साली साडेसतरा कोटी डॉलर मोजावे लागले. तेव्हा दोष कोणाचा किती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

माझ्या मते खरा प्रश्न निराळाच आहे. हप्ता थकतो तेव्हा कर्जदाराने जाऊन भेटावयाचे कोणाला?

आपणांस वाटेल, हा काय प्रश्न झाला? ज्याने कर्ज दिले त्याला. पण अमेरिकेत कर्ज देणारी पेढी ते कर्ज थोड्याच आठवड्यांत विकून मोकळी होत असे. अशी हजारो कर्जे एकत्र बांधून त्यांचा एक न्यास बनवीत; त्या न्यासाची प्रमाणपत्रे जगभरच्या गुंतवणूकदारांस विकीत. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहरची आयकेबी नावाची बँक जुलै २००७ मध्ये बुडता बुडता वाचविली गेली, ती ओहायो आणि कॅलिफोर्नियातील घरांच्या अशाच कागदांपायी. न्यासास विश्वस्त म्हणून एक बँक असे, पण ती कर्जदाराशी बोलत नसे. हप्ता गोळा करण्याचे काम चौथ्याच एका संस्थेकडे, जिला तिकडे 'सर्व्हिसर' म्हणतात. आपण तिला वसुलीदार म्हणू. भरीस भर म्हणून, सरकारी दप्तरात प्रत्येक हस्तांतराची नोंद करण्याचा खर्च व खटाटोप वाचावा यासाठी बँकांनी १९९५ साली 'मर्स' नावाची एक खाजगी नोंदवही काढली. कोट्यवधी घरांच्या गहाणावर सरकारी दप्तरात तिचेच नाव लागले, आणि खरा धनको कोण हे दप्तर पाहून कळेनासे झाले.

ह्या वसुलीदाराचा स्वार्थ नीट समजून घ्यावा, कारण सारे मर्म तेथे आहे. त्याने स्वतःचा पैसा कर्जात घातलेला नसतो. शिल्लक कर्जावर वर्षाला सुमारे पाव ते अर्धा टक्का ही त्याची मजुरी. उशिराचा दंड बहुधा त्याच्याच पदरात पडतो. आणि घर लिलावात निघाले तर त्याने पुढे केलेल्या रकमा व खर्च विक्रीतून सर्वांआधी वसूल होतात. उलटपक्षी, कर्जदाराची परिस्थिती पाहून हप्ता कमी करून द्यावयाचा म्हणजे माणसे बसवा, कागद तपासा, वेळ घालवा. आमच्या बँकेत एखादा कर्जदार अडचणीत आला की आम्ही मनात हिशेब करीत असू की लिलावात निम्मे पैसे येतील, त्यापेक्षा मुदत वाढवून दिली तर पाऊण तरी येतील. हा हिशेब दयेचा नव्हता, स्वार्थाचाच होता. पण धनकोचा स्वार्थ आणि ऋणकोचे हित तेथे एका रेषेत येई. वसुलीदाराच्या बाबतीत ती रेषा तुटली.

आता आपल्याच ज्ञातीतील एका कुटुंबाची हकीकत सांगतो. त्यांच्या संमतीने सांगत आहे, आणि नावगाव गाळले आहे. ह्या कुटुंबातील मुलाने २००५ साली दक्षिण कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडच्या बाजूला घर घेतले. त्या भागात २००६ ते २००९ मध्ये किमती निम्म्याच्या आसपास खाली आल्या. २००९ च्या आरंभी त्याची नोकरी गेली. त्याने वसुलीदार संस्थेला फोन केला. उत्तर मिळाले की आपले हप्ते थकलेले नाहीत, सबब सवलतीचा विचार करता येत नाही. त्याचा अर्थ त्याने घ्यावयाचा तो घेतला आणि दोन हप्ते चुकविले. मग अर्ज. प्राप्तीचे कागद पाठविले, ते मिळाले नाहीत. पुन्हा पाठविले, ते जुने झाले. तिसऱ्यांदा पाठविले, तो प्रकरण पाहणारा मनुष्य बदलला. प्रत्येक वेळी दूरध्वनीवर नवा आवाज, आणि प्रत्येकास आरंभापासून सारे सांगावयाचे. पुढे तीन महिन्यांचा 'प्रायोगिक हप्ता' ठरला. तो त्याने नियमाने भरला. आणि हे चालू असतानाच त्याच संस्थेचा दुसरा विभाग लिलावाची तारीख लावीत होता! एका हाताने सवलतीचा अर्ज घ्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने जप्ती चालवावयाची, ह्या प्रकारास तिकडे 'दुहेरी रूळ' असे नाव पडले होते, इतका तो सार्वत्रिक होता.

कॅलिफोर्नियात बहुतेक जप्त्यांसाठी न्यायालयात जावे लागत नाही. नोटिशीच्या मुदती भरल्या की गहाणाचा विश्वस्त जाहीर लिलाव करतो. फ्लॉरिडा, ओहायो, न्यूयॉर्क येथे दावा लावावा लागतो, निदान न्यायाधीशापुढे उभे राहता येते. ह्या मुलास ती संधी नव्हती. २०१० मध्ये घर गेले.

पण मला सांगावयाची आहे ती याच्या पुढची गोष्ट. मुलाने दहा महिने घरी काही कळविले नाही. लाज वाटली. शेवटी कळविले तेव्हा इकडे वडिलांनी निवृत्तीच्या ठेवी मोडल्या आणि डॉलर पाठविले. ते पैसे हप्त्यांत व दंडात गेले, आणि घर गेले ते गेलेच. आता ऐका. कॅलिफोर्नियाचा कायदा असा आहे की स्वतः राहण्याचे घर विकत घेण्यासाठी काढलेले मूळ कर्ज असेल, तर घराच्या लिलावातून कर्ज पुरे फिटले नाही तरी उरलेल्या रकमेसाठी धनकोला कर्जदाराच्या मागे लागता येत नाही. अ‍ॅरिझोनातही राहत्या घरासाठी बहुतांशी असाच नियम आहे. किंमत निम्मी झालेल्या त्या घरात पुण्याच्या एका निवृत्त शिक्षकाने आपल्या म्हातारपणाचे पैसे ओतण्याचे कायद्याने काहीएक कारण नव्हते. तिकडे वकिलास एक तास भेटले असते तर हे कळले असते. सरकारमान्य सल्लागार संस्था तर असा सल्ला विनामूल्य देत होत्या. परंतु ज्याने घरी आईवडिलांस सांगितले नाही, तो परक्या सल्लागारास काय सांगणार?

सरकारने काहीच केले नाही असे नव्हे. ऑक्टोबर २००८ मध्ये बँका वाचविण्यासाठी सत्तर हजार कोटी डॉलरांची तरतूद तडकाफडकी झाली. घरमालकांसाठी फेब्रुवारी २००९ मध्ये योजना निघाली. हप्ता प्राप्तीच्या ३१ टक्क्यांपर्यंत खाली आणावा आणि तीस ते चाळीस लक्ष कुटुंबांस आधार द्यावा, असा तिचा उद्देश. परंतु ती राबविण्याचे काम दिले कोणाकडे, तर त्याच वसुलीदारांकडे. योजना २०१६ च्या अखेरीस संपली तोपर्यंत कायमची सवलत मिळालेली कुटुंबे वीस लक्षांपर्यंतही गेली नाहीत.

दरम्यान न्यायालयांतून एक विलक्षण गोष्ट उघडकीस येऊ लागली होती. ओहायोमधील एका संघीय न्यायाधीशाने ऑक्टोबर २००७ मध्ये जप्तीचे चौदा दावे एकदम काढून टाकले. कारण दावा लावणाऱ्या बँकेस, दावा लावला त्या दिवशी ते गहाण आपल्या मालकीचे होते हे दाखविता येईना. शिकागोच्या कुक परगण्याचे शेरीफ टॉम डार्ट यांनी २००८ च्या ऑक्टोबरात घरे रिकामी करण्याचे काम काही काळ थांबविले. नियमाने भाडे भरणारे निरपराध भाडेकरू, मालकाने कर्ज थकविल्यामुळे, पूर्वसूचनेवाचून रस्त्यावर येत होते. २०१० मध्ये जीएमएसी संस्थेच्या एका अधिकाऱ्याची जबानी गाजली. महिन्याला सुमारे १०,००० कागदांवर आपण सही करतो आणि त्यांतील मजकूर पडताळून पाहत नाही, असे त्याने शपथेवर सांगितले. ते कागद म्हणजे न्यायालयात दाखल होणारी प्रतिज्ञापत्रे! त्या शरद ऋतूत अनेक बड्या बँकांना आपल्या जप्त्या तात्पुरत्या थांबवाव्या लागल्या. पुढे ७ जानेवारी २०११ रोजी मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने स्प्रिंगफील्ड गावच्या दोन घरांचे लिलाव रद्द ठरविले. बँकांनी लिलाव केले २००७ साली, आणि गहाण आपल्या नावे करून घेतल्याचे कागद झाले त्यानंतर. आपले नसलेले गहाण विकता येत नाही, इतकेच न्यायालयाने सांगितले. अर्थात ह्या निकालांनी कर्ज माफ झाले असे कोणी समजू नये. कागदातील दोषामुळे थोड्यांना वेळ मिळाला, क्वचितांस घर मिळाले. फेब्रुवारी २०१२ मध्ये ४९ राज्यांचे महाधिवक्ते व संघसरकार यांनी पाच बड्या वसुलीदारांशी अडीच हजार कोटी डॉलरांची तडजोड केली, तीत घर गमावलेल्यांच्या वाट्याला दर घरामागे सुमारे १,४८० डॉलरांचा धनादेश आला. घराची किंमत म्हणून नव्हे, हे सांगावयास नकोच.

गहाणाच्या कागदाचे हे प्रकरण वाचताना मला आपल्याच जिल्ह्याची आठवण झाली, आणि गंमत अशी की तिचाही धागा अमेरिकेशीच जुळलेला आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तेथील कापूस बंद झाला आणि मुंबई इलाख्यातील कापसास सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडला, जमिनींवर कर्जे झाली. युद्ध संपले, भाव कोसळले, सरकारने साराही वाढविला. कर्जे मात्र राहिली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयत उठली आणि दंगा गावोगाव पसरला. इतिहासकार त्यास दख्खनचे दंगे म्हणतात. त्या लोकांचा मुख्य रोख होता खतांवर, कर्जरोख्यांवर. रोखे हस्तगत करून ते जाळीत. कागद जळला की कर्ज गेले, अशी त्यांची समजूत. आणि कागद सावकाराच्या पेटीत आहे हे मात्र प्रत्येकास ठाऊक होते. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयास असा अधिकार दिला की रोख्यावर काय लिहिले आहे तेवढे पाहून थांबू नये, मूळ व्यवहार काय झाला, मुद्दल किती, व्याज किती, हे उकरून पाहावे आणि ऋणकोस हप्ते बांधून द्यावेत. सुप्याच्या शेतकऱ्यापुढे सावकार होता, पेटी होती; रिव्हरसाइडच्या आपल्या मुलापुढे दूरध्वनीचा एक क्रमांक होता.

अमेरिकेसही याहून बरा मार्ग पूर्वी सापडलेला होता. १९३३ साली मंदीच्या ऐन भरात सरकारने गृहकर्जांसाठी एक महामंडळ स्थापिले. त्याने बुडती गहाणे धनकोंकडून स्वतः विकत घेतली आणि दहा लक्षांवर कुटुंबांस पाच टक्के व्याजाने पंधरा वर्षांचे नवे हप्ते बांधून दिले. तरीही त्यांतील पाचाला एक घर गेलेच. आणि त्याच महामंडळाच्या नकाशांनी कृष्णवर्णीयांच्या वस्त्या तांबड्या रंगाने रंगवून त्यांच्या पतीवर दीर्घकाळ डाग ठेवला, हेही विसरता येत नाही. तथापि महामंडळ १९५१ साली बंद झाले तेव्हा सरकारला तोटा झालेला नव्हता. ज्याच्याकडे कागद, त्याच्याकडेच निर्णय, अशी सोय तेथे होती. २००९ मध्ये ती पुन्हा करण्याचे धैर्य कोणास झाले नाही. नियम आले ते उशिरा. कॅलिफोर्नियाने २०१३ पासून आणि संघसरकारने जानेवारी २०१४ पासून दुहेरी रुळास आळा घातला, आणि हप्ता थकून १२० दिवस होईपर्यंत जप्तीस आरंभ करता येऊ नये असे ठरले. तोवर आपल्या त्या मुलाच्या घरात दुसरे कुटुंब राहावयास येऊन चार वर्षे होत आली होती.

आता आपल्या इकडचे थोडेसे, कारण वेळ संपत आला असल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी मजकडे सरकविली आहे. येथे सदनिका गहाण असली तर २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँकेस दाव्यावाचून ताबा घेता येतो, म्हणजे आपली स्थिती कॅलिफोर्नियासारखीच. परंतु साठ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, तिला आपण हरकत लिहून पाठविली तर बँकेस उत्तर द्यावेच लागते, आणि ताब्याच्या कारवाईविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत ऋणवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. कॅलिफोर्नियातील ती सूट मात्र येथे नाही. लिलावातून उरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करता येते, आणि जामीनदाराकडूनही. मेहुण्याच्या शब्दाखातर जामीन राहणाऱ्यांची संख्या आपल्या ज्ञातीत कमी नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले. कर्ज पुरे फिटल्यावर घराचे मूळ कागद तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत, विलंब बँकेमुळे झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कर्ज फेडून वर्षे लोटली तरी कागद आणावयास न गेलेली मंडळी मला ह्याच सभागृहात दिसत आहेत!

कार्यकारिणीने माझी एक विनंती मान्य केली आहे. दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या रविवारी सकाळी ९ ते ११ मी आणि आपल्यातील दोन वकील ज्ञातिगृहाच्या वाचनालयाशेजारच्या खोलीत बसू. कोण आले याची नोंद ठेवली जाणार नाही. येताना मंजुरीपत्र, कर्जाचा करार आणि गेल्या वर्षाचा खातेउतारा आणावा. ज्यांची मुले परदेशी अडचणीत असतील त्यांनी पैसे पाठविण्याआधी यावे आणि मुलाकडून दोन गोष्टी विचारून आणाव्यात : घर कोणत्या राज्यात आहे, आणि कर्ज घर घेतानाचे मूळचे आहे की मागाहून बदललेले. बँकेची नोटीस आली असेल आणि पाकीट अद्याप फोडण्याचा धीर झाला नसेल, तर ते तसेच बंद घेऊन यावे. आपण तेथे मिळून उघडू.